कापसाच्या शेतातले ठोके

पट्टा बांधण्याआधी त्याच्या आतल्या बाजूच्या दोन काळ्या पट्ट्या पाण्यानं ओल्या करून घ्याव्या लागतात, कारण कोरड्या कातडीवर हृदयाची वीज नीट पकडली जात नाही. पट्टा बसतो छातीच्या लगेच खाली, ब्लाउजच्या आत. म्हणून बांधणारीही बाईच लागते, आणि आडोसा म्हणून तुरीची ओळ किंवा दोघींनी ताणून धरलेलं लुगडं. पट्ट्याचं जोडीदार घड्याळ मनगटावर चढवलं की बाईला बांधावरच्या झाडाखाली थोडा वेळ नुसतं बसवायचं. नाडी निवली की तो आकडा वहीत लिहायचा आणि मग म्हणायचं, "चला मावशी, आता रोजच्यासारखं वेचा."

हे 'रोजच्यासारखं' जमणं अवघड असतं. आपल्याकडे कुणी वही घेऊन बघतंय म्हटल्यावर हात आपोआप भरभर चालतो. त्यामुळे पहिली काही मिनिटं सोडून द्यायची, आणि पुढचा अर्धा तास कमरेची ओटी भरत जाताना हृदय मिनिटाला किती वेळा धडधडतं ते घड्याळाला टिपू द्यायचं. काम थांबलं तरी पट्टा काढायचा नाही. बाई परत सावलीत बसते आणि ठोके मूळच्या आकड्यावर यायला किती वेळ लागतो, तेही नोंदलं जातं.

ताण मोजणारं घड्याळ म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो तो पुण्याच्या हिंजवडीतला तरुण, ज्याच्या मनगटावरचं यंत्र दुपारच्या मीटिंगनंतर त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगतं. पण महाराष्ट्रात अंगावर बांधलेल्या यंत्रानं शरीरावरचा ताण मोजण्याचं काम त्या तरुणाच्या कितीतरी आधी, आणि वातानुकूलित खोलीच्या पार बाहेर सुरू झालं. त्यातला एक पत्ता परभणी. मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं १८ मे १९७२ रोजी, म्हणजे ऐन दुष्काळाच्या वर्षी. २०१३ पासून त्याच्या नावामागे वसंतराव नाईकांचं नाव लागलं. त्या विद्यापीठातलं गृहविज्ञान महाविद्यालय (आता त्याचं नाव सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, पण गावात अजून 'होमसायन्स'च) हे गृहविज्ञानाच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पातलं एक केंद्र. लुधियाना, हिसार, उदयपूर, धारवाड, जोरहाट अशी त्याची भावंडं. शेतात राबणाऱ्या बाईला कुठलं काम किती भारी पडतं आणि ते हलकं कसं करता येईल, हा या प्रकल्पाचा एक मोठा विषय.

तो विषय निघायला इतका उशीर का झाला, याचं मला नवल वाटतं. दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर मोजमाप व्हायचं ते मातीचं. खड्डा किती लांब, किती रुंद, किती खोल, त्यावर मजुरी. खड्डा खणताना खणणारीचं किती खर्च झालं, हे मोजायचं माप कुणाकडे नव्हतं आणि कुणी मागितलंही नव्हतं.

हृदयाच्या ठोक्यांवरून खर्च कळतो, याचं कारण शरीराच्या जुन्या सवयीत आहे. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली मांडलं, की वेदना, भूक, भीती, राग यांपैकी काहीही झालं तरी शरीर एकाच तऱ्हेनं कंबर कसतं. मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथी ॲड्रिनालिन सोडतात, ठोके वाढतात, श्वास जलद होतो, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, साखर रक्तात उतरते. लढा किंवा पळा, यांपैकी काहीही करायची तयारी. पुढे १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की थंडी, इजा, विष, अतिश्रम असे अगदी वेगवेगळे मारे झाले तरी शरीरात होणारे बदल बरेचसे सारखेच असतात. हा मारा दिवसामागून दिवस चालला तर दुसरी, सावकाश चालणारी साखळी कामाला लागते, तिच्या टोकाला असतं कॉर्टिसॉल हे संप्रेरक, आणि त्याची पातळी सतत चढी राहिली की झोप, पचन, प्रतिकारशक्ती अशा सगळ्यांवर त्याची किंमत वसूल होते.

यातली मेख अशी, की साप दिसला, सावकार दिसला किंवा डोक्यावर वीस किलोचं गाठोडं आलं, तरी ठोके वाढतातच. वाढण्याचं कारण ठोक्यावर लिहिलेलं नसतं. पुढचं सगळं प्रकरण खरं तर या एका अडचणीभोवती फिरतं.

आधी यंत्राकडे पाहू. चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेण्याचं पहिलं नाव नॉर्मन होल्टर यांचं. आपल्याकडे हृदयरोगाच्या दवाखान्यात 'चोवीस तासांचं होल्टर लावा' म्हणतात ते हेच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी केलेलं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. हृदयावरचा भार मोजण्यासाठी हृदयावर आणखी ३८ किलोंचा भार! ट्रान्झिस्टर आले आणि ते ओझं खिशात मावू लागलं. मग फिनलंडच्या औलू परिसरात, बर्फावरून घसरत जाणाऱ्या स्पर्धकांची नाडी मैदानातच कळावी म्हणून, सेप्पो सायनायाकांगास या प्राध्यापकानं १९७७ मध्ये पोलार नावाची कंपनी काढली. १९८२ साली तिनं छातीचा पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ यांची बिनतारी जोडी बाजारात आणली. पट्टा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची वीज पकडतो आणि रेडिओ लहरींनी घड्याळाकडे पाठवतो. फिनलंडच्या बर्फासाठी केलेली ही जोडी भारतातल्या कृषी विद्यापीठांनी उचलली आणि थेट निंदणी, खुरपणी, वेचणीत नेऊन घातली. माझ्या मते तिचा त्याहून चांगला उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

आता हिशेब. ठोक्यांवरून कामाचा जडपणा ठरवायचा तर एक पट्टी लागते, आणि ती पट्टी मुंबईत तयार झाली. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या आणि आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावानं चालणाऱ्या महिला विद्यापीठातल्या एम. ए. वर्गीस यांनी पी. एन. साहा आणि एन. अत्रेय यांच्यासह १९९४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली पट्टी आज देशभरातली गृहविज्ञानाची केंद्रं वापरतात. मिनिटाला ९० पर्यंत ठोके असतील तर काम अगदी हलकं. १०५ पर्यंत हलकं. १२० पर्यंत मध्यम जड. १३५ पर्यंत जड. १५० पर्यंत फार जड. आणि त्याच्या पुढे अतिशय जड. ठोक्यांवरून ऊर्जेचा खर्च काढायचं सूत्रही याच परंपरेतलं आहे: मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांना ०.१५९ नं गुणा, त्यातून ८.७२ वजा करा, आलं उत्तर मिनिटाला किलोजूल.

उदाहरण घेऊन पाहू. आकडे समजण्यापुरते, कुणा एकीचे नव्हेत. समजा, बसलेली असताना बाईचे ठोके ७८ होते. वेचणीच्या अर्ध्या तासात सरासरी १०८ आले. म्हणजे दर मिनिटाला ३० ठोके जास्तीचे, तीस मिनिटांत ९००. काम थांबल्यावर पाच मिनिटं ठोके सरासरी ८८ वर होते, म्हणजे आणखी ५०. एकूण जास्तीचे ठोके ९५०. त्यांना कामाच्या तीस मिनिटांनी भागलं की मिनिटाला साधारण ३२ ठोके ही त्या कामाची हृदयानं मोजलेली किंमत. ऊर्जेचा खर्च मिनिटाला साधारण ८.५ किलोजूल, म्हणजे दोन किलोकॅलरी. पट्टीवर हे काम मध्यम जड. दिसायला यात घाबरण्यासारखं काही नाही. धावायला गेलेल्या माणसाचे ठोके १५० वर जातात आणि तो ते मिरवतो. पण तो अर्ध्या तासात घरी येतो. हे तीस जास्तीचे ठोके सहा तास चालले तर दहा हजार आठशे होतात, त्याआधी पहाटेच्या भाकरी झालेल्या असतात आणि नंतर पाणी, सरपण, संध्याकाळचा स्वयंपाक उरलेलाच असतो.

म्हणून पट्टीइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा, की दिवसभर किती ठोक्यांवर काम चालवता येतं? साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये भारतीय कामगारांसाठी मर्यादा सुचवली होती: माणसाच्या कमाल क्षमतेच्या सुमारे ३५ टक्के, म्हणजे ठोक्यांच्या भाषेत मिनिटाला ११० च्या आसपास. आठ तासांच्या पाळीत सरासरी याच्या खाली राहिली तर शरीर दुसऱ्या दिवशी ताजं उठतं. वरच्या आपल्या बाईचा आकडा १०८ होता. मर्यादेच्या आत, पण काठावर.

आणि काठावरून पलीकडे ढकलणारी कारणं परभणीत कमी नाहीत. पहिलं ऊन. काम तेच, वेग तोच, पण ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी एकचे ठोके सकाळी आठपेक्षा जास्त येतात. कारण तापलेलं अंग निववायचं तर रक्त कातडीपर्यंत आणावं लागतं, आणि स्नायूंनाही रक्त हवंच असतं. त्यात घामानं रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, म्हणजे दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं. मग हृदय ठोक्यांची संख्या वाढवून भरपाई करतं. शेतात आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात, हे कुठल्याही यंत्रात येत नाही. पण त्याचा परिणाम ठोक्यांत नक्की येतो. अशा वेळी वरचं सूत्र फसतं. ते ठोक्यांवरून स्नायूंचा खर्च काढतं आणि उन्हाचा खर्चही त्याच खात्यावर मांडतं. म्हणून चांगल्या नोंदवहीत ठोक्यांशेजारी वेळ, तापमान आणि हवेतला दमटपणा लिहिलेला असतो. मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जाणाऱ्या जिल्ह्यात हा रकाना रिकामा सोडलेली नोंद मी तरी विश्वासानं वाचणार नाही.

दुसरं कारण रक्तातच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी म्हणजे प्रत्येक ठोक्यामागे पोचणारा प्राणवायू कमी. तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त ठोके. एकाच ओळीत शेजारी शेजारी वेचणाऱ्या दोघींपैकी एकीचे ठोके १०४ आणि दुसरीचे १२० येत असतील, तर दुसरीचं काम जड नाही, तिचं रक्त पातळ असू शकतं. म्हणजे पट्टा अशा वेळी कापसाबद्दल कमी आणि त्या बाईच्या आहाराबद्दल जास्त सांगत असतो. काम सोपं करणारं अवजार देण्याआधी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या तर ठोके अधिक उतरतील, अशीही शक्यता आहे, आणि ती तपासल्याशिवाय अवजाराचं श्रेय अवजाराला देऊ नये.

तिसरी गोष्ट याच्या बरोबर उलट: ठोके वाढत नाहीत, तरी शरीर भरडलं जातं. खुरपणी घ्या. बाई उकिडवी बसून पुढे पुढे सरकते. एक हात खुरप्यावर, दुसरा गवतावर, पाठ वाकलेली, गुडघे पूर्ण दुमडलेले. हृदयाच्या पट्टीवर हे काम हलकं किंवा मध्यम ठरू शकतं. पण गुडघ्यातली कुर्चा, कमरेतले मणके आणि मनगटातले स्नायुबंध यांच्या तक्रारी हृदयापर्यंत जातच नाहीत. म्हणून पट्ट्याच्या जोडीला साधीसुधी साधनं लागतात. मुठीची पकड मोजणारं यंत्र कामाच्या आधी आणि नंतर आवळायला देतात, म्हणजे पकड किती सैल झाली ते कळतं. शरीराचं चित्र पुढ्यात ठेवून 'कुठं दुखतं, किती दुखतं' विचारतात. आणि सगळ्यात शेवटी विचारतात, की काम कसं वाटलं? स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी याच प्रश्नासाठी ६ ते २० अशी पट्टी केली होती. तिचा आकडा दहानं गुणला की अंदाजे ठोके यावेत अशी तिची रचना. वर्गीस यांच्या निबंधाचा गाभाच हा, की आपल्याकडच्या बायांसाठी ती पट्टी पाच पायऱ्यांवर आणायची: अगदी हलकं, हलकं, मध्यम, जड, अगदी जड. शेतात उत्तर येतं ते याहून मोकळं. "वेचायचं काही नाही वो, पण ते गाठोडं उचलताना जीव जातो." हे एक वाक्य ऐकलं की पट्टा पुन्हा बांधून गाठोडं उचलण्याच्या दोन मिनिटांची वेगळी नोंद घ्यायची असते. अर्ध्या तासाच्या सरासरीत ती दोन मिनिटं बुडून जातात.

गेल्या दहा-बारा वर्षांत पट्ट्याची जागा मनगटावरच्या घड्याळानं घ्यायला सुरुवात केली. ते बांधायला आडोसा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याच्या पोटाकडे बारीक हिरवे दिवे लुकलुकत असतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त भरतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. या चढउतारांची मोजणी म्हणजे नाडी. पट्टा वीज ऐकतो, घड्याळ रक्ताची भरती-ओहोटी बघतं, आणि बघण्यात चूक व्हायला जागा जास्त. हात हलला की घड्याळ आणि कातडी यांच्यामधून बाहेरचा उजेड आत शिरतो, कातडीखालचं रक्त नुसत्या हालचालीनंच हिंदकळतं. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा घड्याळांची चूक हालचालीच्या वेळी विश्रांतीच्या वेळेपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी जास्त निघाली. तिथली हालचाल म्हणजे चालणं आणि टंकलेखन.

वेचणीत तर प्रत्येक बोंडाला मनगट वळतं. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत घुसू नयेत म्हणून चिमटीत सरकी धरून कापूस हलक्या झटक्यानं ओढावा लागतो, आणि हे मिनिटाला कित्येक वेळा, दोन्ही हातांनी. शिवाय मनगटावर आधीच हक्क सांगणाऱ्या काचेच्या बांगड्या असतात. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर घट्ट बसायला हवं, तर तिथं बांगड्यांची गर्दी. बांगड्या वर सारल्या तर त्या परत खाली येऊन काचेवर आपटणार. दंडावर बांधायचं यंत्र हा यावर एक बरा उपाय आहे. पण ज्यांनी घड्याळ घडवलं त्यांच्या डोळ्यांसमोर बांगड्या भरलेला, दिवसभर चालणारा हात नव्हता, हे त्याच्या प्रत्येक भागातून दिसतं.

सर्वांत जास्त दिसतं ते 'ताणा'च्या आकड्यातून. बरीच घड्याळं शून्य ते शंभर असा एक आकडा देतात. तो येतो ठोक्यांच्या संख्येवरून नव्हे, दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून. निरोगी माणूस निवांत बसला असताना हृदय घड्याळाच्या लंबकासारखं एकसुरी चालत नाही. श्वास आत घेताना ते थोडं जलद होतं, सोडताना थोडं रेंगाळतं. हे अंतर कधी ८२० मिलिसेकंद, कधी ८७०. मेंदूतून निघून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हा लगाम सैल-घट्ट करत असते. शरीर ताणाखाली आलं की तिची पकड सुटते, ठोके एकसारखे होतात, अंतरांमधला फरक घटतो. फरक जितका कमी तितका ताणाचा आकडा मोठा, एवढंच या हिशेबाचं सार. हे शास्त्र पक्कं आहे. पण कष्टाच्या कामातही हेच घडतं, मनावर काहीही ओझं नसताना. म्हणून काही कंपन्यांनी सोपी वाट काढली: माणूस जोरात हालत असेल तेव्हा ताणाचा आकडा दाखवायचाच नाही. आलेखात तिथं मोकळी जागा.

खुर्चीत काम करणाऱ्याच्या आलेखात अशी मोकळी जागा तासाभराची असते, व्यायामाच्या वेळची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा शेतात असलेल्या बाईच्या आलेखात मोकळ्या जागेखेरीज दुसरं काही फारसं उरणार नाही. ताण मोजण्याचं यंत्र तिच्या कष्टाच्या नेमक्या वेळेला डोळे मिटून घेतं. परभणीचा जुना पट्टा ठोक्यांच्या अंतराचं सूक्ष्म शास्त्र न सांगता त्या वेळेचाच हिशेब देत होता, म्हणून तो मला अधिक शहाणा वाटतो.

घामावरून ताण ओळखायचा मार्ग त्याहून जुना आहे. फ्रान्सच्या फेरे यांनी १८८८ मध्ये दाखवलं, की भावना चेतवल्या की कातडीतून वीज अधिक सहज वाहते. तळहात-तळपायांच्या घामाच्या ग्रंथी उष्णतेपेक्षा मनाचं जास्त ऐकतात. परीक्षेच्या वेळी तळव्यांना सुटणारा घाम तो हाच. थंड खोलीत, बसलेल्या माणसावर हे मोजमाप उत्तम चालतं, आणि हल्लीच्या काही पट्ट्यांत ते असतंही. भरउन्हात मात्र सगळं अंगच घामानं थबथबलेलं असताना त्या सूक्ष्म बदलाचा पत्ता लागणं अशक्य. ताण ओळखणारे संगणकी कार्यक्रम शिकवायला जगभर वापरली जाणारी वेसाड नावाची एक नोंदसंचिका २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात छातीवरचा पट्टा आणि मनगटी पट्टा अशा दोन्हींच्या नोंदी आहेत, पण माणसं आहेत फक्त पंधरा, आणि त्यांचा ताण म्हणजे प्रयोगशाळेत परीक्षकांसमोर भाषण करणं आणि उलटी वजाबाकी करणं. त्यावर शिकलेलं यंत्र सेलू-मानवतच्या बाजारात कापसाचा भाव पडल्याचा ताण ओळखेल, अशी अपेक्षा ठेवणं त्या यंत्रावरही अन्याय आहे.

इथे तो प्रश्न येतो जो मराठवाड्यात टाळताच येत नाही. शेतकऱ्याच्या मनावरचा ताण या यंत्रांनी आधी ओळखता येईल का? काही खुणा जरूर दिसतील. शेतीपंपाची थ्री फेज वीज अनेकदा पाळीपाळीनं रात्री येते. रब्बीचं पाणी द्यायला माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतात जातो, अंधारात पायाखाली काय येईल त्याचा धाक असतो, आणि पहाटे येऊन जेमतेम तीन तास झोपतो. त्याच्या मनगटावर घड्याळ असेल तर झोप अपुरी, रात्रीचे ठोके चढे, त्यांच्यातला फरक कमी, असं सगळं ते अचूक सांगेल. पण याच खुणा तापात दिसतात, दारूनंतर दिसतात, बायकोच्या बाळंतपणाच्या आनंदाच्या रात्रीही दिसतात. घड्याळ सांगेल की हा माणूस नीट झोपला नाही. का झोपला नाही, हे महावितरणच्या वेळापत्रकात, बँकेच्या पासबुकात किंवा त्याच्या स्वतःच्या तोंडून कळेल.

विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत राज्य सरकारनं २०१५ च्या सुमारास 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, तेव्हा साधन वापरलं ते प्रश्नावलीचं. आशा कार्यकर्तीनं घरी जाऊन झोप, भूक, कामातला रस, जगण्याची इच्छा यांविषयी विचारायचं आणि गरज दिसली तर पुढे दवाखान्यात, समुपदेशकाकडे पाठवायचं. ही पद्धत कुठे नीट राबली, कुठे कागदावर राहिली, तो वेगळा विषय. पण निदानाचं साधन म्हणून माणसानं माणसाला विचारलेले नऊ-दहा प्रश्न आजही घड्याळापेक्षा पुढे आहेत, हे मानसोपचारातला कुणीही सांगेल. (मन फार खचलेलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो; तिथं मराठीत बोलता येतं.)

घड्याळाचा उपयोग होतो तो प्रश्न नेमका असेल तिथे. अहमदाबादच्या एका गरीब वस्तीत काही घरांच्या छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग दिला, काहींना दिला नाही, आणि दोन्हींतल्या रहिवाशांच्या मनगटांवर घड्याळं बांधून त्यांची नाडी आणि झोप टिपायला सुरुवात झाली. प्रश्न एकच: छप्पर निवलं की आतल्या माणसाचं शरीरही निवतं का? असा प्रयोग गंगाखेड किंवा पालमच्या पत्र्याच्या घरांत सहज करता येईल. घरात कष्टाची हालचाल कमी, हात बराच वेळ स्थिर, रात्रीची सलग नोंद. घड्याळाला जे जमतं ते सगळं तिथे आहे. हळद शिजवण्याच्या दिवसांत कढईशी उभ्या राहणाऱ्यांवर मात्र पुन्हा छातीचा पट्टाच लागेल. तिथं वरून ऊन, समोरून जाळ आणि हातात ओलं ओझं. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये परभणीत आणि शेजारच्या हिंगोलीत (१ मे १९९९ पर्यंत तीही परभणी जिल्ह्यातच होती) गावोगाव चालतं.

शेवटी अवजारांकडे येऊ, कारण एवढा खटाटोप त्यांच्यासाठीच तर असतो. ओटीऐवजी खांद्यावरून वजन पेलणारी पिशवी दिली, बोटांना मोजे दिले, दातेरी हलका विळा दिला, तर ठोके किती उतरतात? साधा प्रयोग असा: तीच बाई, तेच शेत, एक दिवस जुन्या पद्धतीनं, एक दिवस नव्या. आणि पुष्कळदा उत्तर येतं, की ठोके फारसे उतरलेच नाहीत. नवखा संशोधक इथे हिरमुसतो. पण वेचणीची मजुरी किलोवर असते. हात मोकळा झाला, बोटं टोचेनाशी झाली, की बाई आराम करत नाही, जास्त वेचते. तिच्या हृदयाला परवडणारा वेग तिला आधीच ठाऊक असतो आणि ती त्याच वेगाच्या आसपास राहते.

म्हणून ठोके मिनिटाला न भागता किलोला भागावे लागतात. आपल्या आधीच्याच हिशेबात ९५० जास्तीच्या ठोक्यांत समजा तीन किलो कापूस आला होता, तर किलोला ३१७ ठोके. नव्या पिशवीनं तेवढ्याच ठोक्यांत साडेतीन किलो आला, तर किलोला २७१. मिनिटाच्या आकड्यात जी बचत दिसतच नव्हती ती इथे सुमारे सव्वाचौदा टक्के दिसते. समन्वित प्रकल्पाच्या अहवालांत 'दर नगामागे हृदयावरच्या भारातली बचत' असा रकाना असतो, तो हाच. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा, असं मला वाटतं. किलोचा दर तोच राहिला तर ती बचत तिच्या पदरात जास्त पैसे म्हणून पडते. पण सगळ्याच बायांच्या हाती पिशवी आली आणि पुढच्या हंगामात मालकानं 'आता लवकर भरतं की' म्हणून किलोचा दर उतरवला, तर चौदा टक्के ठोके वाचले ते मालकाचे. पट्टा बांधणाऱ्यांनी पहिल्या दिवशी नाडीबरोबर वेचणीचा दरही वहीत लिहून ठेवायला हवा, आणि दुसऱ्या हंगामात जाऊन तो पुन्हा विचारायला हवा.